गुरुवारची चार-दहा

गुरुवार, १२ सप्टेंबर १९६३

आज कॅल्डरबीहून परतीची चार-दहाची गाडी चार वाजून सोळा मिनिटांनी सुटली. उशीर झालेला हा सलग सव्विसावा गुरुवार. वही चाळून मोजलं. बाकीच्या दिवशी ती वेळेवर सुटते असं शेजारची पेगी सांगते. म्हणजे रेल्वेला घड्याळ कळत नाही असं नाही, फक्त गुरुवारी कळत नाही. गार्ड डॅगेट फलाटावरच्या बाकावर एक पाय ठेवून बुटाची नाडी बांधत असतात. साठी उलटलेल्या माणसाला एक नाडी धड बांधता येऊ नये! मी धापा टाकत डब्यात चढले, टेकले, तेव्हा कुठे यांची गाठ बसली.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. परत आले तर आमच्या स्केलबेक स्टेशनात तिकीटखिडकीशेजारी नोटीस लागलेली. कॅल्डरबीची लाइन तोट्यात आहे, सबब उतारूंच्या गाड्या बंद करण्याचा विचार आहे, हरकती सहा आठवड्यांत कळवाव्यात, बदली बसची सोय करण्यात येईल. मी तीनदा वाचली. ‘सबब’ म्हटलं की झालं यांचं.

बसचं वेळापत्रकही खाली डकवलंय. ती डोंगराला वळसा घालून जाणार आणि दुपारी तीनला कॅल्डरबीला पोचणार. तिथून मूरसाइडच्या इस्पितळापर्यंत पाऊण तासाची चाल. भेटीची वेळ दोन ते साडेतीन. म्हणजे मी पोचेन तेव्हा दार बंद झालेलं असेल.

म्हणजे गाडी बंद झाली की मला क्लेम दिसणार नाही. एवढं स्पष्ट लिहून ठेवते, कारण या वहीखेरीज मी हे कुठे लिहू शकत नाही आणि कोणाला सांगूही शकत नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

प्रार्थनेनंतर शाळेत सभा झाली. हरकत समितीचे अध्यक्ष आमचे पाद्री, रेव्हरंड पिल्ब्रो, आणि चिटणीस मी. कोणी सुचवलं तेही कळलं नाही. ‘बाईंचं अक्षर चांगलं आहे’ एवढं ऐकू आलं आणि कागद माझ्या पुढ्यात. मी शिकवायचं सोडून तीन वर्षं झाली, तरी या गावाला लिहायचं काम निघालं की मीच दिसते.

पिल्ब्रोंनी नियम समजावला. डिसेंबरात शहरातून तीन जणांचं मंडळ येईल. त्यांच्यापुढे रेल्वेच्या तोट्याबद्दल बोलायचं नाही, डोंगराच्या देखाव्याबद्दल बोलायचं नाही, आजोबांनी लाइन बांधताना दगड वाहिले तेही सांगायचं नाही. मंडळ फक्त एकच गोष्ट ऐकणार. गाडी बंद झाल्यानं कोणाचे हाल होणार आहेत का?

“हाल?” जॉस मेटकाफ म्हणाला. जॉस मेंढ्या पाळतो, वय एकाहत्तर. “हाल मेंढ्यांचे होतात. माणसाचं भागतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, आपण या माणसांना घेऊन लढायला निघालोय.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आज अकरा घरं फिरले. हालांचा फॉर्म भरून घ्यायचा म्हणजे दात उपटण्यासारखं काम आहे. जॉसला बसची पायरी चढवत नाही, त्याचे गुडघे गेलेत, हे मला दिसतं. पण फॉर्मात लिहू का विचारलं तर म्हणतो, “थोडं आखडतं म्हणून लिहा.” पेगीची मुलगी कॅल्डरबीला, तिला जुळं झालंय, पेगी आठवड्यातून तीनदा जाते. ती म्हणते, “लिही की मला जायला आवडतं.” आवडण्याला कोण विचारतंय?

मी सगळ्यांचे हाल माझ्या अक्षरात ठसठशीत लिहिले. मग घरी येऊन माझा फॉर्म पुढे घेतला. ‘बाजारहाट आणि वाचनालय’ असं लिहिलं. त्याला बस चालेल, हे मलाही कळतं.

पेगीनं जाताना मोजे दिले. दर वर्षी देते. माझी दोन्ही पावलं एकात मावतील एवढे मोठे. “अंदाज चुकला गं,” म्हणते. चाळीस वर्षं मोजे विणणाऱ्या बाईचा अंदाज दर हिवाळ्यात चुकतो म्हणजे कमाल आहे. क्लेमला बरोबर बसतात, म्हणून मी काही बोलत नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

क्लेम आज खिडकीशी होता. “आलात? बसा,” म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “पाऊस थांबला.” दोन वेळा तोंड उघडलं, म्हणजे दिवस चांगला गेला. माझ्याशी तो असा आदरानं बोलतो की जणू मी इस्पितळाची तपासणी करायला आलेय. मला ओळखतच नाही तो. मी त्याचा हात हातात घेतला तर त्यानं घेऊ दिला. तेवढ्यासाठी मी जाते. खरं म्हणजे दुसरं काही नसतं तरी गेले असते.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहूनच टाकते. पंचेचाळीस सालच्या नोव्हेंबरात मी इथल्या शाळेत आले. स्केलबेकच निवडलं ते या लाइनमुळे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, “नवरा युद्धात गेला का हो?” आणि मी मान हलवली. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही. युद्धातच गेला तो, परत आलं ते फक्त शरीर. पण त्या एका मान हलवण्यावर अठरा वर्षं मी या गावात विधवा आहे.

मूरसाइडसाठी मूर एंडचा थांबा आहे, अगदी फाटकाशी. पण तिथं गाडी सांगितल्याशिवाय थांबत नाही. गार्डला आधी सांगावं लागतं, डबाभर माणसांसमोर ‘मूर एंड’ म्हणावं लागतं. तिथं इस्पितळ आणि मेंढ्या सोडून काही नाही. कोणी मूर एंड म्हटलं की डब्यातले सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागतात. वाईट हेतूनं नाही, पण बघतात. मीही बघते. म्हणून मी कॅल्डरबीपर्यंत जाते, वाचनालयाची पिशवी घेऊन, आणि मागच्या पायवाटेनं उलट चालत येते. पूर्वी पस्तीस मिनिटं लागायची. कंबर धरल्यापासून जरा जास्त लागतात.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

समितीचं पत्र पूर्ण केलं. पिल्ब्रो म्हणाले, गाड्या नीट चालल्या तर माणसं वाढतील असाही एक मुद्दा घालू, कुठं ढिलाई असेल तर लिहा. मी लिहिली. ‘दर गुरुवारी कॅल्डरबीहून सुटणारी चार-दहाची गाडी पाच ते सात मिनिटं उशिरा सुटते. १२ सप्टेंबरपर्यंतच्या अशा सव्वीस गुरुवारांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत.’

पिल्ब्रोंनी ते वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. “बाई, हे घालायलाच हवं का?”

“खरं आहे की नाही?”

“खरं आहे हो. पण तुम्हालाच… म्हणजे, गैरसोय कोणाची होते?”

“गैरसोयीचा प्रश्न नाही. नियम तो नियम.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. भला माणूस आहे, पण ताठ उभं राहणं त्यांच्या स्वभावात नाही. पत्र मी आजच टाकलं.

रविवार, ३ नोव्हेंबर

आज वर्षभराच्या मृतांसाठी आणि युद्धात गेलेल्यांसाठी नावं वाचून प्रार्थना झाली. क्लेमचं नाव याही वर्षी वाचलं नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. सगळ्या विधवांची माणसं वाचतात, माझं तेवढं विसरतात. मी दरवर्षी मनाची तयारी करून जाते, की नाव आलं तर चेहरा कसा ठेवायचा, आणि ते येतच नाही. जाऊन सांगणार तरी काय?

बाहेर आले तर जॉसनं तंबाखूचं पाकीट हातात कोंबलं. “दुकानदारानं भलतंच दिलं. मी हा ओढत नाही. बघा कुठं खपला तर.” मी काय पाइप ओढते? ठेवून घेतलं. क्लेमला वास आवडतो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज गाडी चार वाजून दहा मिनिटांनी सुटली. मला कसं कळलं? मी पुलावर होते तेव्हा ती माझ्या समोरून गेली.

गार्डच्या डब्यात डॅगेटांच्या शेजारी एक टोपीवाला अधिकारी उभा होता, हातात घड्याळ. डॅगेट दारातून पुलाकडे बघत होते. माझ्याकडे नसावं, मागे सिग्नल असतो.

माझ्या तक्रारीचा परिणाम झाला म्हणायचा. समाधान वाटायला हवं होतं. पुढची गाडी सहा-चाळीसला. थंडी अशी की बाकाचं लोखंड कपड्यातून चावत होतं. थोड्या वेळानं हमाल आला, कंदिलाच्या खोलीत शेगडीजवळ बसा म्हणाला, चहा दिला.

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“डॅगेट म्हणून गेले जाताजाता. बाई येतील, त्यांना आत बसवा म्हणाले.”

म्हणजे माझी गाडी चुकणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. माझ्या कंबरेची चर्चा आता रेल्वेतही चालते वाटतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पुन्हा चार-सोळा. पुन्हा नाडी. एका आठवड्यात येरे माझ्या मागल्या! अधिकारी नव्हता म्हणून ही हिंमत. मी चढताना त्यांच्याकडे रोखून बघितलं. ते म्हणाले, “सावकाश, बाई. पायरी ओली आहे.” मी पिशवी सावरत आत गेले.

क्लेम आज काहीच बोलला नाही. डिसेंबरात मंडळ येतंय. अजून काय बोलायचं ते ठरलेलं नाही. म्हणजे स्वतःसाठी. इतरांचं सगळं पाठ आहे.

बुधवार, ४ डिसेंबर

घाईत अक्षर वाईट येतंय. येऊ दे. सगळं क्रमानं लिहिते.

सुनावणी दुपारी दोनला शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. टेबलापाशी मंडळाचे तिघे, त्यांच्या बाजूला रेल्वेचे साहेब. समोर आमचं सत्तरेक माणसांचं गाव, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. अध्यक्ष सौम्य होते. एकेकाला उठवून विचारत होते.

पहिला जॉस. “मेटकाफ, तुमच्या फॉर्मात लिहिलंय की गुडघ्यांमुळे बसमध्ये चढता येणार नाही.”

“चढेन की साहेब. मागून दोघांनी ढकललं तर मेंढीसुद्धा चढते.”

लोक हसले. अध्यक्षही हसले. “मग हाल होणार नाहीत?”

“हाल कसले! भागेल.”

मग पेगी. तिचा चांगला कोट घालून आली होती, बोलायची तयारी करून आली होती. “मुलीकडे जायची अडचण होईल ना तुमची?” अध्यक्षांनी तिला जवळजवळ तोंडात घास दिला. पेगी लाल झाली. “अडचण म्हणजे… ती काय लहान नाही आता. भागवेल तिचं ती.” मी तिचा कोट मागून ओढला. तिनं माझा हात झटकला आणि खाली बसली.

अकरा जण उठले आणि अकराही जणांचं भागत होतं. परक्या माणसांसमोर, टाय लावलेल्या, आपले हाल मांडायचे? आमच्या खोऱ्यात माणूस आधी मरेल. मी चिटणीस म्हणून समोर बसून रडकुंडीला आले, आणि मीही फॉर्मात बाजारहाट लिहिला होता हे मला पुरेपूर आठवत होतं.

मग रेल्वेचे साहेब उठले. त्यांच्या हातात माझं पत्र होतं. म्हणाले, “अध्यक्षमहाराज, या गावाला गाडीची गरज नाही हे गावानंच सांगितलं. गाडी कशी चालते तेही समितीच्या चिटणीसांनीच आम्हाला कळवलंय. सव्वीस तारखांसह. आम्ही दखल घेतली. संबंधित गार्डला चौदा नोव्हेंबरला लेखी ताकीद दिली. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीतली त्यांची पहिली ताकीद. आणि पुढच्याच गुरुवारी त्यांनी पुन्हा तेच केलं. आता त्यांची चौकशी होईल. कारण विचारलं तर ते काही सांगत नाहीत. अशा लाइनवर…”

“ते गार्ड इथं आहेत का?” अध्यक्षांनी विचारलं.

मागच्या भिंतीशी डॅगेट उभे होते, गणवेशात, टोपी हातात. “आहे साहेब.”

“कारण काय होतं?”

“नाडी, साहेब. बुटाची नाडी सुटते.”

“फक्त गुरुवारी?”

“फक्त गुरुवारी, साहेब.”

टेबलापाशी बसलेले हसले. मी आमच्या माणसांकडे पाहिलं. हसायला एवढं चांगलं निमित्त, आणि एकही माणूस हसत नव्हता. सत्तर माणसं मान वळवून खिडकीबाहेर बघत होती.

तेव्हा मला कळलं. सगळंच, एका दमात. नाडी कळली, मोजे कळले, तंबाखू कळला, पिल्ब्रोंचा चष्मा कळला, आणि प्रार्थनेत जिवंत माणसाचं नाव का वाचत नाहीत तेही कळलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती माझी सरकली नाही. उलट अठरा वर्षांत पहिल्यांदा पाय टेकल्यासारखं वाटलं, आणि भयंकर लाज वाटली. क्लेमची नाही. त्या एकेचाळीस वर्षांच्या कोऱ्या नोकरीवर मी माझ्या सुंदर अक्षरात डाग पाडला त्याची.

मी उठले. “अध्यक्षमहाराज, माझे हाल होतील.”

“आपण?”

“एनिड फॉसेट. ते पत्र मी लिहिलं. माझे पती क्लेमेंट फॉसेट मूरसाइडच्या मनोरुग्णालयात आहेत. पंचेचाळीस सालापासून. मी दर गुरुवारी त्यांना भेटायला जाते. कोणाला कळू नये म्हणून कॅल्डरबीला उतरून चालत परत येते. परतताना मला उशीर होतो. पूर्वी थोडा व्हायचा, आता बराच होतो. ती गाडी उशिरा सुटत नाही, महाराज. ती माझ्यासाठी थांबते. मला हे आत्ता, या खोलीत कळलं. त्या माणसाला ताकीद द्यायची तर मला द्या. आणि तुमची बस तीनला पोचते, भेट साडेतीनला संपते. गाडी बंद झाली तर माझा नवरा मला दिसणार नाही. त्याला भेटायला दुसरं कोणी नाही. याला हाल म्हणत असतील तर लिहून घ्या.”

मी खाली बसले. पेगीनं माझा हात धरला, इतका घट्ट की अजून दुखतोय. कोणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. एकालाही नाही.

मग जॉस उठला, बाक धरून, हळूहळू. “आता बाईच म्हणाल्या तर… माझेही होतील, साहेब. मघाशी विनोद केला. मला नाही चढता येत बसमध्ये. मुतारीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते.” तो एवढं बोलला आणि मग कोण थांबतंय! पेगी रडत रडत बोलली. जुळ्यांपैकी एकाला फेफरं येतं हे मला, शेजारणीला, आज कळलं. नऊ जणांनी मघाचं मागे घेतलं. अध्यक्षांनी चहाची वेळ पुढे ढकलली आणि सगळं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी पेगीला गाठलं. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या हिवाळ्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलली नाहीस म्हणून.”

“अठरा वर्षं मी त्या चिखलातून चालले, पेगी. कोणासाठी?”

“तेच तर आम्ही म्हणायचो,” ती म्हणाली. “ही बाई चालते तरी कशाला?”

मला इतका राग आला की मी हसले. मग दोघी शाळेच्या पायरीवर बसून राहिलो.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारच्या गाडीत बसले. डबा भरलेला होता, बाजाराचा दिवस. डॅगेट तिकिटं बघत आले. मी घसा साफ केला आणि जरुरीपेक्षा मोठ्यानं म्हटलं, “मूर एंड.”

“मूर एंड, बाई,” ते म्हणाले. आणि आज कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. समोरच्या बाईनं तिच्या टोपल्या सरकवून मला दारापर्यंत वाट करून दिली.

गाडी थांबली. मी फलाटावर उतरले आणि त्यांना विचारलं, “मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही सांगत नव्हता, म्हटलं कारण असेल.”

“मी तुमची तक्रार केली, डॅगेट.”

“वाचली मी. तारखा एकदम बरोबर होत्या.”

माफी मागायला मी चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. ते म्हणाले, “जा बाई, दोन वाजतील,” आणि त्यांनी हिरवा झेंडा दाखवला.

क्लेमजवळ पूर्ण दीड तास बसले. कंबर दुखत नव्हती, धाप नव्हती. माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी त्याच्याकडे दमूनच पोचत होते आणि बसल्यापासून घड्याळ बघत होते.

गुरुवार, १४ मे १९६४

निकाल आला. लाइन बंद होणार, शेवटची गाडी तीन ऑक्टोबरला. पत्रात आमच्या हालांना दोन परिच्छेद दिलेत. ‘एका महिलेस गंभीर स्वरूपाचे हाल सोसावे लागतील, हे मंडळाने नमूद केले आहे.’ सबब, दर गुरुवारी एक बस जुन्या रस्त्यानं जाईल आणि एक-पन्नासला मूरसाइडच्या फाटकाशी थांबेल. परतीला तीच बस घेईल. पायरी खाली असलेली बस द्यावी, अशीही शिफारस आहे. ती जॉसमुळे.

जॉस म्हणाला, “म्हणजे हरलो की जिंकलो?”

“हरलो,” मी म्हटलं. खरंच हरलो. पेगीला आठवड्यातून तीनदा जायचं तर बाकीच्या दोन दिवशी तिनं काय करायचं, हे कोणी लिहिलेलं नाही. खोऱ्यात शिटी वाजणार नाही. मला रडू आलं ते लाइनसाठी. माझं काम झालं याचा आनंदही झाला, आणि तो झाला म्हणून लाजही वाटली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डॅगेटांची चौकशी थांबवली, पण ताकीद मागे घेतली नाही. मी चार पत्रं लिहिली. उत्तर आलं की नियमात तशी तरतूद नाही. मी ते उत्तर बराच वेळ हातात धरून बसले होते.

गुरुवार, १ ऑक्टोबर १९६४

गाडीनं जायचा हा शेवटचा गुरुवार. फलाटावर डॅगेट साध्या कपड्यांत उभे होते, रविवारचा काळा सूट, केस चापून बसवलेले. कालच ते निवृत्त झाले.

“तिकीट काढलंय,” ते म्हणाले. “मूर एंडचं. तुमची हरकत नसेल तर, बाई. इतकी वर्षं तुम्हाला पोचवलं, कोणाकडे ते एकदा बघावं म्हणतो.”

मी घाबरले. क्लेमकडे मी कधी कोणाला नेलं नव्हतं. तो काय करेल, काही करेल का, डॅगेटांना काय वाटेल, हे सगळं डोक्यात नाचू लागलं. वाटेत मी त्यांना तीनदा सांगितलं, की तो बोलत नाही हं, वाईट वाटून घेऊ नका. ते प्रत्येक वेळी “बरं” म्हणाले.

क्लेम खिडकीशी होता. मी नेहमीसारखं म्हटलं, “क्लेम, मी आलेय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मागे पाहिलं. डॅगेट दारात उभे होते, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

क्लेम उठला. तो उठत नाही, त्याला उठवावं लागतं. पण उठला, कोटाचं बटण लावलं, दोन पावलं पुढे आला आणि हात पुढे केला, पूर्वी आमच्या घरी कोणी आलं की करायचा तसा.

“या,” तो म्हणाला. “तुम्हाला आधी पाहिलं नाही. बसा.” मग माझ्याकडे वळला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ही माझी बायको. एनिड.”

डॅगेटांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “हो, साहेब,” ते म्हणाले, “मी यांना ओळखतो.”

क्लेम परत खिडकीशी जाऊन बसला आणि नंतर काही बोलला नाही. डॅगेट त्याच्या शेजारी बसून मेंढ्यांबद्दल, पावसाबद्दल बोलत राहिले. मी रडत होते आणि रुमाल सापडत नव्हता.

एकोणीस वर्षं मी म्हणत आले की तो मला ओळखत नाही. एकोणीस वर्षांत मी त्याच्यापुढे एकही माणूस नेला नव्हता. त्यानं माझी ओळख करून द्यायची तरी कोणाला?